विनासोहळा: स्वस्त अंत्यसंस्काराचा दीडशे वर्षांचा प्रवास

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला कॅशिने नावाची मोठी बाग आहे. बाग संपते तिथे आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांचा संगम आहे आणि संगमावर एका छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाला स्थानिक लोक ‘पोंते अल्लिंदियानो’, म्हणजे ‘भारतीयाचा पूल’, म्हणतात. हा भारतीय म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). 1870 साली ते इंग्लंड पाहायला गेले, परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस.

बरोबरच्या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला, तो आज परदेशातल्या कुठल्याही मराठी घरापुढे उभा राहतो तोच. आता यांना अग्नी कुठे द्यायचा? त्या काळी इटलीत माणसाला जाळण्याची रीत नव्हती, सोय नव्हती आणि कायद्यातही तशी तरतूद नव्हती. शहराच्या अधिकाऱ्यांकडून खास परवानगी काढावी लागली आणि नदीच्या संगमावर चिता रचली गेली. युरोपातल्या एका मोठ्या शहराने उघड्यावर जळणारी हिंदू चिता पाहिली.

ही गोष्ट मी शाळेत असताना कधी ऐकली नव्हती. ती मला सापडली मामाच्या कागदांमुळे.

माझा मामा चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये होता. मूळचा सांगलीचा. लग्न केलं नाही, नोकरी केली, निवृत्त झाला. गेला तेव्हा कपाटात एक पाकीट निघालं. त्यात एक कागद होता: ‘डायरेक्ट क्रिमेशन करावे. कोणी हजर राहू नये. भटजी नको, फुलं नकोत. उरलेले पैसे भाचीने घ्यावेत.’ ती भाची म्हणजे मी. मृत्युपत्रात अंमलबजावणीचं काम माझ्याच नावावर होतं. मी इंग्लंडमध्येच, दोन तासांच्या अंतरावर राहत होते. आई सांगलीत. फोनवर तिला कागद वाचून दाखवला, तर ती एवढंच म्हणाली, “म्हणजे बेवारशासारखं?”

मामाची इच्छा स्पष्ट होती, कायदा माझ्या बाजूने होता, पण आईच्या त्या एका शब्दाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला मी वाचत गेले. पुढे लिहिलंय ते त्या वाचनातून आलेलं आहे.

डायरेक्ट क्रिमेशन म्हणजे नेमकं काय

माणूस गेला की कंपनी मृतदेह घेऊन जाते. साध्या शवपेटीत ठेवून, स्वतःला सोयीच्या दिवशी, सोयीच्या वेळी आणि सोयीच्या क्रिमेटोरियममध्ये दहन करते. तिथे प्रार्थना नाही, भाषण नाही, शेवटचं दर्शन नाही आणि बहुतेक वेळा कोणी हजरही नसतं. नंतर रक्षा घरी येते. ब्रिटनमध्ये साध्यातल्या साध्या सोहळ्यासहित अंत्यसंस्काराला सरासरी चार हजार पौंडांच्या आसपास खर्च येतो. डायरेक्ट क्रिमेशन दीड हजार पौंडांच्या आगेमागे होतं.

हा फरक आगीच्या खर्चाचा नाही. भट्टी तीच, गॅस तोच. वाचतात ते काळ्या गाडीचे, खांदा देणाऱ्या भाडोत्री माणसांचे, चॅपलच्या अर्ध्या तासाचे, चकचकीत शवपेटीचे आणि हे सगळं जुळवून आणणाऱ्या फ्युनरल डायरेक्टरच्या वेळेचे पैसे. सकाळी लवकरची, कोणालाच नको असलेली वेळ क्रिमेटोरियम कमी दरात देतं, तीही कंपनी उचलते.

गरिबाचं मरण आणि पेनीचा विमा

आईचा ‘बेवारशी’ हा शब्द इंग्लंडच्या गरिबांना नीट कळला असता. त्यांचा इतिहास त्याच भीतीने भरलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात लंडनमधला अंत्यविधी म्हणजे ऐपतीचं प्रदर्शन होतं. घोड्यांच्या डोक्यावर शहामृगाची काळी पिसं आणि दारात दुःखी चेहरा करून उभी राहणारी भाड्याची माणसं. खालच्या टोकाला होता ‘पॉपर्स फ्युनरल’: सरकारी खर्चाने, सामाईक खड्ड्यात. त्यातच 1832 साली अॅनाटॉमी अॅक्ट आला. आश्रयगृहात मेलेल्या आणि कोणी ताब्यात न घेतलेल्या माणसाचं शरीर वैद्यकीय विच्छेदनासाठी देता येईल, असं त्यात ठरलं. तोपर्यंत विच्छेदन ही खुन्याला फाशीनंतर मिळणारी जादा शिक्षा होती. आता ती गरिबीच्या वाट्याला आली.

म्हणून कष्टकरी माणसं पोटाला चिमटा काढून दर आठवड्याला पेनी-दोन पेनी ‘बरिअल क्लब’मध्ये भरायची. 1843 साली एडविन चॅडविकने शहरातल्या दफनांवर सरकारसाठी अहवाल लिहिला. पैसे जमेपर्यंत एकाच खोलीत प्रेत आणि मुलंबाळं दिवसेंदिवस एकत्र राहतात, हे त्यात नोंदवलेलं आहे. डॉक्टर नाही, पुरेसं खाणं नाही, पण मरणाचा हप्ता चुकत नाही. आपल्याकडे तेराव्याच्या जेवणासाठी सावकाराकडे जाणारं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे परकं वाटणार नाही.

एक सर्जन, एक घोडा आणि एक ड्रुइड

या पार्श्वभूमीवर सर हेन्री थॉम्प्सन हा राणी व्हिक्टोरियाचा सर्जन 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनाला गेला. तिथे ब्रुनेत्ती नावाच्या इटालियन प्राध्यापकाने दहनाच्या भट्टीचा नमुना मांडला होता. थॉम्प्सनने परत येऊन लेख लिहिला आणि जानेवारी 1874 मध्ये आपल्या घरी काही मित्रांना जमवून क्रिमेशन सोसायटी काढली. सही करणाऱ्यांत कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप आणि चित्रकार जॉन मिले होते. थॉम्प्सनचा मुख्य मुद्दा आरोग्याचा होता, कारण शहरांची कबरस्तानं ओसंडत होती. पण दहनामुळे अंत्यसंस्काराचा खर्च कमी होईल, हाही मुद्दा त्याच्या यादीत होता. स्वस्ताईचा विचार या चळवळीत पहिल्या दिवसापासून आहे.

सोसायटीने वोकिंग गावी जमीन घेऊन भट्टी बांधली. 17 मार्च 1879 रोजी तिची चाचणी झाली, एका मेलेल्या घोड्यावर. घोडा व्यवस्थित जळला, गावकरी मात्र पेटले. गावच्या धर्मगुरूच्या पुढाकाराने तक्रार गृहमंत्र्यांपर्यंत गेली, त्यांनी खटल्याची धमकी दिली आणि भट्टी थंड पडली.

ती पेटवली वेल्समधल्या एका विक्षिप्त म्हाताऱ्याने. डॉ. विल्यम प्राइस स्वतःला प्राचीन ड्रुइड पुरोहितांचा वारस समजायचा. त्र्याऐंशीव्या वर्षी त्याला झालेला मुलगा पाच महिन्यांचा होऊन वारला. जानेवारी 1884 मधल्या एका रविवारी प्राइसने डोंगरावर त्याला अग्नी दिला. प्रार्थना आटोपून बाहेर पडलेल्या लोकांनी ज्वाळा पाहिल्या, धावत जाऊन ते छोटं शरीर बाहेर ओढलं आणि प्राइसला पोलिसांच्या हवाली केलं.

खटला कार्डिफला न्यायमूर्ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्यापुढे चालला. हे नाव वकिलीच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. 1872 चा इंडियन एव्हिडन्स अॅक्ट, जो आपल्याकडे 2024 पर्यंत लागू होता, तो याच स्टीफन यांनी लिहिला. त्याआधीची दोन-अडीच वर्षं ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. म्हणजे जिथे माणसं जाळतात असा देश त्यांनी पाहिलेला होता. त्यांनी निकाल दिला की लोकांना उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं हा गुन्हा नाही. प्राइस सुटला.

पुढच्याच वर्षी, 26 मार्च 1885 रोजी, वोकिंगला मिसेस पिकर्सगिल या बाईंचं दहन झालं. ब्रिटनमधलं हे पहिलं अधिकृत आधुनिक दहन. त्या वर्षी एकूण 3 दहनं झाली, पुढच्या वर्षी 10. 1902 साली क्रिमेशन अॅक्ट आला. आणि 1968 मध्ये ब्रिटनमध्ये दफनांपेक्षा दहनांची संख्या जास्त झाली. घोडा जाळण्यापासून तिथपर्यंत यायला नव्वद वर्षं लागली.

मध्ये एक भारतीय प्रकरण आहे. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांना ब्रायटनच्या राजवाड्यात उघडलेल्या इस्पितळात ठेवलं होतं. तिथे वारलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकडीवर चितेवर अग्नी दिला गेला. 1921 पासून तिथे पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. त्या सैनिकांपैकी कोणाचंच घरचं माणूस तिथे नव्हतं. मंत्र म्हणणारे, लाकडं रचणारे सगळे त्याच पलटणीतले किंवा इस्पितळातले. हे वाचल्यावर मी आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “पण कोणीतरी होतं ना.”

अमेरिकेने हिशेब मागितला

अमेरिकेतलं पहिलं आधुनिक दहन 6 डिसेंबर 1876 ला पेन्सिल्व्हेनियात झालं. बॅरन द पाम नावाचा थिऑसॉफिस्ट आणि त्याची इच्छा पुरी करणारा कर्नल ऑल्कॉट. हाच ऑल्कॉट 1879 मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्कीबरोबर मुंबईला उतरला. उलट दिशेचाही एक प्रवास आहे. डॉ. आनंदीबाई जोशी फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात वारल्या, आणि त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाकडे गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ती आहे. रक्षा समुद्रापार पाठवता येते आणि ती जिथे पोचते तिथे माणसाची आठवण राहते, हे एका मराठी मुलीच्या बाबतीत तेव्हाच घडून गेलं होतं.

पण ‘डायरेक्ट क्रिमेशन’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो वेगळ्या भांडणातून. 1963 साली जेसिका मिटफर्ड या मूळच्या इंग्लिश, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या पत्रकार बाईंनी ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हे पुस्तक लिहिलं. दुःखात बुडालेल्या घराला महागडी पेटी, प्रेतावर रसायनांची प्रक्रिया, सजावट असं एकेक कसं विकलं जातं, हे त्यात बिलांसकट होतं. घरात माणूस गेलेला असताना कोणी चार दुकानं फिरत नाही आणि घासाघीस करायची तर लाज वाटते. धंदा उभा होता तो या लाजेवर. त्याच वर्षी कॅथलिक चर्चने 1886 पासूनची दहनबंदी शिथिल केली. एकीकडे पैशाचा प्रश्न उघड झाला, दुसरीकडे धर्माची अडचण कमी झाली.

1984 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा ‘फ्युनरल रूल’ लागू झाला. ग्राहकाला वस्तूवार दरपत्रक द्यायचं, फोनवर विचारलं तरी दर सांगायचा आणि डायरेक्ट क्रिमेशनसाठी महागडी पेटी घ्यायला भाग पाडायचं नाही. या नियमात डायरेक्ट क्रिमेशनची व्याख्याच दिलेली आहे: मृतदेह समोर ठेवून दर्शन, भेट किंवा विधी न करता केलेलं दहन. मिटफर्डबाई 1996 मध्ये वारल्या. त्यांचं स्वतःचं दहन पाचशे डॉलरच्या आसपास उरकलं.

ब्रिटनला ही जाग उशिरा आली. तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली तेव्हा दिसलं की अंत्यसंस्काराच्या आवश्यक गोष्टींचे दर चौदा वर्षं सलग, दरवर्षी साधारण 6 टक्क्यांनी वाढत गेले होते, महागाईच्या दुप्पट वेगाने. सप्टेंबर 2021 पासून प्रत्येक फ्युनरल डायरेक्टरला ठरावीक नमुन्यातलं दरपत्रक दुकानात आणि वेबसाइटवर लावावं लागतं. तोवर दोन गोष्टी घडल्या होत्या. जानेवारी 2016 मध्ये डेव्हिड बोवी हा जगप्रसिद्ध गायक गेला आणि त्याचं दहन गाजावाजा न करता झाल्याच्या बातम्या आल्या, त्यामुळे विनासोहळा जाणं गरिबीचं लक्षण राहिलं नाही. आणि 2020 मध्ये कोविडने लाखो घरांना, मनात नसताना, माणसांविना निरोप द्यायला लावला.

प्रत्यक्षात मी काय केलं

आधी डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहिलं. ते स्वतंत्र मेडिकल एक्झामिनरने तपासलं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2024 पासून हे सक्तीचं आहे. मग रजिस्ट्रारकडे मृत्यूनोंद झाली आणि हिरवा फॉर्म मिळाला. त्याशिवाय दहन होत नाही. मग दहनाचा अर्ज. त्यात एक प्रश्न असतो: शरीरात पेसमेकर आहे का? पेसमेकरची बॅटरी उष्णतेने फुटते, म्हणून तो आधी काढावा लागतो. शेवटी क्रिमेटोरियमचा डॉक्टर सगळे कागद पाहून परवानगी देतो.

तीन कंपन्यांना फोन केले आणि तिघांना तेच प्रश्न विचारले. मृतदेह घरून आणायचा असेल, किंवा रात्री आणायचा असेल, तर जादा पैसे आहेत का? रक्षा घरी पोचवण्याचे पैसे धरलेत का? दहन कुठे होणार? मृतदेह तोवर कुठे ठेवणार आणि ती जागा कोणाची? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण इंग्लंडमध्ये फ्युनरल डायरेक्टर व्हायला सरकारी परवाना लागत नाही. जिवंतपणीच पैसे भरून ठेवायची योजना घेणार असाल, तर ती एफसीए या वित्त नियामकाकडे नोंदलेली आहे ना, हे पाहा. हा नियम जुलै 2022 पासून आहे.

मी विचारलं, वेळ आणि जागा आधी कळेल का? एका कंपनीने सांगितलं, कळेल, पण येता येणार नाही. मामाने लिहिलंच होतं, कोणी हजर राहू नये. तीच घेतली. एका मंगळवारी सकाळी साडेआठला, मी कधी न पाहिलेल्या गावात, मामाचं दहन झालं. सांगलीत तेव्हा दुपार होती. आईने देवापुढे दिवा लावला आणि फोन चालू ठेवला. आम्ही दोघी मामाबद्दल बोलत राहिलो. तो आंब्याच्या पेटीवर कसा भांडायचा, पहिला पगार आला तेव्हा आजीला कसं लुगडं पाठवलं होतं. दहनाला साधारण दीड तास लागतो. आमचा फोन त्याहून लांबला.

दहा दिवसांनी पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून रक्षा आली. रक्षा म्हणजे खरं तर राख नसते, भट्टीत उरलेल्या हाडांची यंत्रात केलेली पूड असते, दोन-तीन किलो. दहनाचा आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवून मी ती विमानाने आणली. तिचं काय करायचं हे मामाने लिहिलं नव्हतं, तेवढी जागा आईला मोकळी होती. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर तिने ती सोडली.

बेवारशी कोण?

आता आईच्या शब्दाकडे येते.

आपल्याकडे अग्नी कधीच महाग नव्हता. पेटी नाही, चोवीस तासांत सगळं उरकतं, तिरडी गल्लीतली पोरं बांधतात. लाकूड किंवा विद्युतदाहिनी अनेक महापालिका फुकट किंवा नाममात्र दरात देतात. महाग होतं ते नंतरचं: दानं, पिंड, बारावं-तेरावं, गावजेवण. त्या खर्चाविरुद्धची लढाई महाराष्ट्रात जुनी आहे. सत्यशोधकांनी भटजीशिवाय विधी करायला सुरुवात केली. स्वतः जोतीराव फुल्यांनी 1887 च्या मृत्युपत्रात आपल्याला मिठात पुरावं असं लिहिलं होतं. 1890 मध्ये ते गेले तेव्हा नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावं लागलं. टिटवं कोणी धरायचं यावर वाद झाला तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते हातात घेतलं.

मला या दोन परंपरांमध्ये एक फरक दिसतो. फुल्यांनी मधला दलाल काढला, माणसं ठेवली. डायरेक्ट क्रिमेशनमध्ये दलालाबरोबर माणसंही जातात, आणि स्वस्ताई बरीचशी त्यातून येते. ज्याने स्वतः तसं लिहून ठेवलं त्याच्यासाठी हे ठीक आहे. मामा एकटा राहिला, एकटा गेला, त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. पण दीड हजारच परवडतात म्हणून जे घर मागे राहतं आणि ज्याला तिथे उभं राहायचं होतं, त्याला आपण ‘निवड’ म्हणतो, तेव्हा जुन्या पॉपर्स फ्युनरलला नवं नाव देत असतो.

मुंबई-पुण्यातही आता फोनवर सगळी व्यवस्था करणाऱ्या कंपन्या आहेत, दरपत्रकासकट. मुलं परदेशात, शेजारी अनोळखी, खांदा द्यायला चार जण जमत नाहीत. त्यांची गरज खरी आहे. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि कुठे जाळायचं एवढ्यावर थांबू नका. तिथे कोण असावं, हेही विचारा. उत्तर कागदावर लिहून घ्या.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, “खर्च नको. भटजी चालेल, नसला तरी चालेल. तू ये फक्त.”